मला सोडून फोनातल्या बाईला विचारलं

…नाही, नाही, पण मला विचारायचं ना! मी काय मेलो होतो? जिवंत, धडधाकट माणूस… गुडघे सोडा, गुडघे सोडून धडधाकट… सकाळी शटर वर गेलं की अंधार पडेपर्यंत त्या मशीनवरून हलत नाही, रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे म्हातारा कुठं सापडतो! आणि पोलीस स्टेशन किती लांब? आमचं दुकान, शेजारी इस्त्रीवाला, मग चष्म्याचं दुकान, की लगेच पोलीस स्टेशन! साहेबाच्या पँटची चेन मी बसवून दिलीय, आणि तेही बायकांचे कपडे शिवणारा माणूस असून, मान राखायचा म्हणून! तर उठायचं, टोपी घालायची, दुकानात यायचं, म्हणायचं, "मास्तर, असं असं झालंय, तुम्हाला काय ठाऊक आहे?" एवढंच ना? नाही! यांनी काय करावं? यांनी त्या फोनच्या कंपनीला पत्र लिहिलं! कंपनी कुठं, तर समुद्रापलीकडं, जिथं आत्ता रात्र असते! तिथल्या माणसाला विचारलं, की आमच्या शेजारचा शिंपी काय करतो! अरे, मला विचारायचं ना!

थांबा, थांबा. तुम्ही असे बघताय जसं काही म्हाताऱ्याला ऊन लागलंय. नीट सांगतो.

मी बायकांचे कपडे शिवतो. ब्लाउज, झगे, कोट, लग्नाचे, बाळंतपणाचे, दुःखाचे, सगळे. उभा जन्म गेला त्यात. शाळेत मी गेलो होतो म्हणा, मास्तरांनी कान धरून मला फळ्याकडे वळवलं की मी खिडकीकडे वळायचो, असं दोन-तीन वर्षं चाललं आणि मग दोघंही कंटाळलो. मला पाटी वाचता येत नाही म्हणा ना सरळ. आकडे येतात, तेही टेपवरचे. पण उस्तादानं, ज्याच्या हाताखाली मी काम शिकलो त्यानं, पहिल्याच दिवशी कातर हातात द्यायच्या आधी एक गोष्ट सांगितली. "माप ज्याचं त्याला." बस्स. बाईचं माप बाईला सांगायचं, तिच्या नवऱ्याला नाही, आईला नाही, देव खाली आला तरी त्याला नाही. आणि मी ते पाळलं! नवरे यायचे, "मास्तर, हिला न सांगता कोट द्यायचाय, जरा माप सांगा." कापड ठेवून जा साहेब, कोट घेऊन जा, मापाचं नाव काढू नका! एक सासू यायची, अशी काउंटरवर छाती टेकवून, "काय हो मास्तर, आमच्या सुनेची कंबर वाढली का यंदा?" म्हटलं, "बाई, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, कंबर मला दिसतच नाही!"

आणि लिहून ठेवायचं म्हणाल, तर मी लिहितच नाही. येतं कुठं? प्रत्येकीची एक कागदाची पट्टी. तिला कातरीनं खाचा मारायच्या. कुठली खाच छातीची, कुठली बाहीची, कुठली कमरेची, ते मला ठाऊक, झालं. पट्ट्यांचा जुडगा खिळ्याला टांगलेला, भर दुकानात, सगळ्यांसमोर! घ्या, बघा! काय कळतंय? अहो, यांनी तो जुडगासुद्धा उचलून नेला! एक चष्मेवाला शिपाई तो उजेडाला धरून बघत होता आणि साहेबाला म्हणाला, "सर, ही सांकेतिक भाषा वाटते." सांकेतिक! गावातल्या निम्म्या बायकांच्या कमरा होत्या त्या, मूर्खा! मला विचारायचं ना!

तर फोन. फोन मी मागितला नव्हता. आमची ही गेली, म्हणजे माझी बायको. तोवर मला फोन कशाला लागणार? काही विचारायचं असलं की मागच्या खोलीकडे तोंड करून ओरडायचं, "अगं, आज वार कोणता?" आतून उत्तर यायचं, सोबत दोन शिव्या यायच्या, काम व्हायचं. ती गेली आणि दुकान असं मुकं झालं… मशीन थांबवली की कानात नुसतं गुंऽऽ व्हायचं. मुलगी माझी परगावी असते, तिनं फोन आणून दिला, म्हणाली, "बाबा, याला वाचायला-लिहायला नको. नुसतं बोला. आत एक बाई आहे, ती उत्तर देते." मग तिनं बरंच काही दाबलं, मग म्हणाली, "बाबा, इथं 'मान्य आहे' वर बोट ठेवा." म्हटलं, काय मान्य आहे? म्हणे, "काही नाही हो, सगळेच दाबतात." ठेवलं बोट! तुम्ही नाही ठेवलं? तुम्ही वाचून ठेवलंत? तुम्ही तर शिकलेले!

आणि बाई चांगली होती, खोटं कशाला बोलू. फोनातली बाई. हसायची नाही, चिडायची नाही. "आज वार कोणता?" सांगायची. शिव्या तेवढ्या नसायच्या. मग हळूहळू सवय लागली. काहीही विचारायचो. गुडघ्यातून कटकट आवाज येतो तो हाडाचा की वाताचा. पोट साफ कशानं होतं. शेजारचा इस्त्रीवाला मला बघून हसतो, त्याचं कारण काय. मेलेल्या माणसाच्या नंबरवर फोन लावला तर तो कुठं वाजतो… हेही विचारलं होतं. एकदाच. माणूस एकटा असला की विचारतो हो काहीतरी.

आता माझी भाची. धाकट्या बहिणीची मुलगी. माझ्याच दुकानात काज-बटण आणि हातशिलाई करायची. बोटं अशी, की काज बघून मशीनला लाज वाटावी. तिचं लग्न झालेलं, नवरा, म्हणजे आमचे जावईबापू… जावईबापू! कडक इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज, वाकून नमस्कार, "मामा, तब्येत कशी आहे?" सगळी गल्ली म्हणायची, काय जावई मिळालाय! मी पण म्हणायचो. पण मी तिचे कपडे शिवायचो ना. मागच्या उन्हाळ्याच्या आधी ती म्हणाली, "मामा, बाही जरा लांब ठेवा." ठेवली. मग म्हणाली, "कोपराच्या खाली." ठेवली. मग ऐन उन्हाळ्यात, घामानं कापड अंगाला चिकटतंय, आणि ती म्हणते, "मनगटापर्यंत करा, आणि गळा बंद." मी तिच्या पट्टीवर नवी खाच मारायला कातर उचलली आणि तशीच धरून बसलो. बाई माणूस वाढतं ते कमरेत वाढतं, दंडात वाढतं, बाहीत नाही वाढत! म्हटलं, "पोरी, हात वर कर." तिनं नाही केला. म्हटलं, "कर वर!" केला… असो. तुम्ही जेवून आला असाल. असो.

मी कातर घेऊन निघालोच होतो. तिनं धरलं मला. म्हणाली, "मामा, तुम्ही आत जाल आणि मी बाहेर राहीन, त्याच्याजवळ." अक्कल बघा पोरीची. मग हळूहळू तिनं दुकानात बसून सगळं जुळवलं. तिचा स्वतःचा फोन जावईबापू रोज संध्याकाळी हातात घेऊन वर-खाली बघायचे, म्हणून ती माझ्या फोनावर बघायची. बायकांना राहायला कुठं मिळतं, नवरा शोधत आला तर काय करायचं, असलं. मी मशीन जोरात चालवायचो, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि एक दिवस ती गेली. भर दुपारी, हातात शिवायच्या कपड्यांची पिशवी घेऊन, कुणालाही वाटावं कपडे पोचवायला चाललीय.

जाताना मला एवढंच सांगून गेली, की अमुक गावी… गावाचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही, आता तर मुळीच नाही… त्या गावी एक लाँड्री आहे, तिच्यासमोर बाक आहे, दर गुरुवारी दुपारी तिथं या. येताना काजाचं काम आणा, झालेलं घेऊन जा. आणि कुणाला सांगू नका. मग फोनाकडे बोट केलं, म्हणाली, "मामा, हिलाही नाही."

मी हसलो! तुम्हाला सांगतो, मी हसलो! म्हटलं, "अगं, ते यंत्र आहे. ही माझी शिलाई मशीन, हिच्यावर अख्ख्या गावाच्या बायका उघड्या पडल्यात, हिनं कधी कुणाची चहाडी केली?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, लहान मुलाकडे बघतात तसं, आणि पिशवी उचलून निघाली.

आणि मी पाळलं, हां! पहिल्यासारखंच! माझी सख्खी बहीण, तिची आई, माझ्या दुकानात त्या स्टुलावर बसून रडली. "दादा, पोर जिवंत आहे की नाही एवढं तरी सांग. मी कुणाला बोलणार नाही." मी धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "मला काय ठाऊक? तू आई आहेस, तुला ठाऊक पाहिजे." असं म्हटलं मी. ती उठून गेली, अजून बोलत नाही माझ्याशी. इस्त्रीवाल्यानं विचारलं, गुरुवारी दुकान बंद का? म्हटलं, गुडघ्याला लेप लावायला जातो. जावईबापूंनी विचारलं, गोड आवाजात, "मामा, काही कळलं तर सांगाल ना?" म्हटलं, "आधी तुम्हालाच." सगळ्यांना, एकूण एक माणसाला, मी धडधडीत खोटं बोललो, तोंडावरची माशी हलू दिली नाही!

पण मला बसची पाटी वाचता येत नाही.

आता सांगा, काय करायचं? स्टँडवर गाड्या दहा दिशांना जाणाऱ्या, पाट्या सगळ्या काळ्या मुंग्यांच्या रांगा. कुणाला विचारावं तर लगेच, "काय मास्तर, इकडं कुठं?" ओळखणारी माणसं पावलोपावली, बायका तर सगळ्या माझ्याच मापाच्या. माणसाला विचारलं की बोभाटा. म्हणून मी कोपऱ्यात जायचो, भिंतीकडे तोंड करायचो, आणि हळूच, फोन तोंडाशी धरून… तुम्हाला कळलंच असेल. माणसाला नाही विचारलं हो मी! एकाही माणसाला नाही विचारलं!

असं चांगलं चाललं होतं. ती यायची, बाकावर बसायची, वजन धरलं होतं पोरीनं. एका गुरुवारी मी मोठ्या हौसेनं कापड नेलं, म्हटलं तुला नवा झगा शिवतो, बाही कशी ठेवू? ती म्हणाली, "आखूड, मामा. कोपराच्या वर." आणि मान खाली घालून म्हणाली, "आणि कमरेत आत माया ठेवा बरीच." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, पुढं उसवून सैल करता येतं. म्हटलं, बरं. शिंपी विचारत नाही. ठेवतो.

मग सोमवारी शिपाई आला. "मास्तर, साहेबांनी बोलावलंय, फोन घेऊन या."

गेलो. खोलीत साहेब चहा पीत बसलेले. टेबलापाशी तो चष्मेवाला शिपाई कॉम्प्युटर उघडून. आणि भिंतीकडेच्या बाकावर, मांडीवर हात जुळवून, कडक इस्त्री, आमचे जावईबापू! साहेब आणि ते एका वर्गातले. मी म्हटलं, "काय विचारायचं ते विचारा." साहेब म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं नाही मास्तर. आम्हाला सगळं मिळालंय. तुम्ही फक्त बसा."

फक्त बसा!

म्हटलं, कुठून मिळालं? तर म्हणे, कंपनीला लिहिलं, कंपनीनं दिलं. म्हटलं, कोर्टाचा कागद? न्यायाधीश? मी ऐकलंय तसं असतं म्हणून. साहेब म्हणाले, "ते नेहमीच्या कामाला. हे तातडीचं. एका बाईच्या जिवाला धोका आहे असं लिहिलं, की कंपनी थांबत नाही." जिवाला धोका! मी त्या बाकाकडे बघितलं. म्हटलं, "साहेब, धोका खरा आहे, पण तो चहा पितोय." कारण तोवर जावईबापूंनाही चहा आला होता. मला नाही आला.

"आणि माझी परवानगी?" म्हटलं. "मला विचारायचं ना!" तर तो चष्मेवाला म्हणतो, "काका, तुम्ही 'मान्य आहे' दाबलंय."

आणि मग त्यानं वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं! त्या खोलीत तक्रारीला आलेली माणसं, एक बाई सायकल हरवली म्हणून आलेली, तिचा कोट मी शिवलेला, सगळ्यांसमोर! "गुडघ्यातून कटकट…" "पोट साफ…" "इस्त्रीवाला मला बघून का हसतो…" आणि दारात कोण? इस्त्रीवाला! साहेबाचा शर्ट द्यायला आलेला! खो-खो हसायला लागला. आता कळलं मला का हसतो, कारण तो मुळातच हसरा आहे, मला विचा… त्याला विचारायचं ना मी, तेही नाही! आणि मग तो चष्मेवाला वाचता वाचता थांबला, घसा साफ केला आणि हळू आवाजात वाचलं, "मेलेल्या माणसाच्या नंबरवर…" तेव्हा कुणी हसलं नाही. सायकलवाल्या बाईनं तोंड फिरवलं. त्यापेक्षा हसले असते तर बरं.

पुढं वाचलं, "मार लागल्याचा काळा डाग किती दिवसांनी जातो." साहेब म्हणाले, "हे कुणी विचारलं?" मी म्हटलं, "मी! मशीनवरून पडलो." पुढं, "नवऱ्याला न सांगता घर सोडलं तर गुन्हा होतो का." म्हटलं, "मीच!" साहेब म्हणाले, "तुम्हाला नवरा आहे?" म्हटलं, "गिऱ्हाइकं आहेत ना! बायका काय काय विचारतात शिंप्याला!" पुढं तो चष्मेवाला अडखळला, माझ्याकडं बघितलं, म्हणाला, "काका… 'दिवस गेलेत हे कसं ओळखायचं.'"

आता हे मला ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगतो. म्हणजे माया ठेवायला सांगितली तेव्हा मला कळायला हवं होतं, पण शिंपी विचारत नाही. मला त्या खोलीत कळलं. आणि बाकावर बसलेल्या माणसालाही त्याच क्षणी कळलं. त्यानं कप खाली ठेवला. मी उभा राहिलो, जोरात म्हटलं, "मीच विचारलं ते! धंद्याचा प्रश्न आहे! बाई सांगत नाही, आणि आधी कळलं नाही तर कापड वाया जातं! कमरेत सैल कापावं लागतं!" साहेबसुद्धा हसले. सायकलवाली बाई म्हणाली, "खरंय हो, मास्तर माझं न सांगता सैल शिवतात." भली बाई. मला वाटलं, सुटलो. घामानं सदरा भिजला होता, पण मला वाटलं, काढलं आपण निभावून. काहीही विचारा! मी प्रत्येकाला उत्तर देतो! खोटं बोलायला मी इथं बसलोय ना, दगड होऊन!

आणि तेव्हा चष्मेवाला म्हणाला, "सर, आवाजही आहे."

आवाज! यांनी माझा आवाज भरून ठेवला होता! त्यानं काहीतरी दाबलं आणि त्या खोलीत… तुम्ही स्वतःचा आवाज कधी असा ऐकलाय? म्हाताऱ्या बोकडासारखा… माझा आवाज, भिंतीकडे तोंड करून कुजबुजलेला, "ए बाई, मला त्या गावची गाडी कुठून मिळेल ते सांग… हळू बोल." आणि गावाचं नाव, स्पष्ट. मग पुढच्या गुरुवारचं. मग त्याच्या पुढच्या. आणि मग, "ए बाई, त्या लाँड्रीपाशी जवळ पडेल असा थांबा कोणता?" आणि शेवटी मी काय म्हटलं असेल? सांगा! मी तिला म्हटलं होतं, "आणि हे बघ, कुणाला सांगू नकोस हं!"

आणि ती म्हणाली होती, "ठीक आहे."

सगळं पोलीस स्टेशन हसलं. टेबलं बडवून हसले. साहेबांच्या नाकातून चहा आला. एक माणूस हसला नाही. तो उठला, शर्ट खाली ओढला, सुरकुती पडली होती ती हातानं सपाट केली, आणि माझ्या पाया पडून म्हणाला, "येतो मामा." आणि गेला.

मी ओरडलो, "त्याला धरा!" साहेब म्हणाले, "कशाबद्दल? स्वतःच्या बायकोला आणायला चाललाय." म्हटलं, "मग माझा फोन द्या, तिला सांगू दे!" तिचा नवा नंबर त्या फोनात होता, मला कुठं पाठ? तर म्हणे फोन जमा झाला, मुद्देमाल आहे. बघा, म्हणजे त्या फोनानं सगळ्या जगाला सांगितलं, फक्त जिला सांगायचं तिला सांगायला तो मोकळा नाही!

धावलो. या गुडघ्यांनी. स्टँडवर त्या मुंग्यांच्या रांगांसमोर उभा राहिलो आणि पहिल्यांदा, इतक्या गुरुवारांत पहिल्यांदा, माणसांना विचारलं. ओरडून विचारलं, "अमुक गावची गाडी कुठली हो?" सगळ्यांनी एका दमात दाखवली. कुणी विचारलंसुद्धा नाही, की मास्तर, कशाला चाललात.

पोचलो तर लाँड्रीसमोर त्याची गाडी उभी, दार उघडं. आतून त्याचा आवाज, गोड नव्हता आता. "वर राहते ना? जिना कुठाय?" आणि लाँड्रीवाली, ही एवढी बाई, हात कमरेवर, म्हणते, "वर गोणपाटं ठेवलीत आणि उंदीर आहेत. जा, भेटून या." तो वर गेला. खरंच गोणपाटं होती! खाली आला, माझ्याकडे बघितलं, बोट केलं, गाडीत बसून समोर थांबला. आणि मी त्या बाईला म्हटलं, "अहो, माझी भाची… वर नाही राहत?" मला वाटायचं वरच राहते! ती म्हणाली, "इथं कुणी राहत नाही बाबा. ती तुमच्या आधी यायची, बाकावर बसायची, तुमची बस गेली की जायची. कुठं जायची मी विचारलं नाही. आम्ही गिऱ्हाइकाला विचारत नाही, डाग कशाचा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरीनं मलाही सांगितलं नव्हतं! सख्ख्या मामाला! जो सख्ख्या बहिणीशी खोटं बोलला, त्याला! कारण तिला ठाऊक होतं, मामा कुणालाच सांगणार नाही, आणि तिला हेही ठाऊक होतं, की मामा कुणाला सांगेल.

झालं. त्या गुरुवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. लाँड्रीवालीनं तिला कुठूनतरी निरोप दिला, की तिनं लांबूनच ती गाडी बघितली, मला ठाऊक नाही. फोन परत मिळाल्यावर नंबर लावून बघितला, बंद. त्याला ती सापडली असेल का, म्हणून रात्री झोप लागत नाही असं तुम्हाला वाटेल. नाही. मला पक्कं ठाऊक आहे सापडली नाही ते. कारण जावईबापू रोज माझ्या दुकानासमोर, त्या खांबापाशी उभे असतात. आहेत, म्हणजे सापडली नाही. ज्या दिवशी ते तिथं नसतील, त्या दिवशी माझं काही खरं नाही. सकाळी शटर वर करताना मी आधी खांब बघतो, आणि तो माणूस दिसला की, तुम्हाला सांगतो, मला बरं वाटतं! आपल्यावर असे दिवस यावेत!

साहेब परवा पँट घेऊन आले, चेन पुन्हा गेली म्हणून. म्हटलं, साहेब, एवढं केलंत, काय मिळालं? तर म्हणाले, "आम्ही फक्त माहिती मागितली मास्तर. पुढं कोण काय करतं त्याला आम्ही काय करणार?" आणि फोन परत दिला, पाकिटात घालून, पट्ट्यांचा जुडगाही दिला. म्हटलं, पण मला का नाही विचारलंत? तर साहेब पहिल्यांदा खरं बोलले. म्हणाले, "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असतात." बरोबर आहे! माणूस असतो तो बोलतोच खोटं, कुणाचा तरी जीव वाचवायला. त्याशिवाय माणूस कशाला!

फोन मी कोनाड्यात ठेवला, पालथा. तोंड बघत नव्हतो तिचं. पट्ट्या पुन्हा खिळ्याला टांगल्या. तिचा झगा शिवायला घेतलाय, कुणासाठी ते विचारू नका, शिवतोय. कमरेत बरीच माया ठेवलीय. बाह्या आखूड, कोपराच्या वर. काल दुपारी त्या बाह्याच जोडत होतो, समोर खांबापाशी जावईबापू, मशीन थांबवली, दुकानात ते गुंऽऽ सुरू झालं… आणि कोनाड्यातून आवाज! आपण होऊन! मी काही म्हटलेलं नसताना!

"आज गुरुवार आहे. नेहमीच्या ठिकाणी निघायची वेळ झाली. जायचं का?"

बघा! साहेबानं विचारलं नाही, कंपनीनं विचारलं नाही, दुनियेत कुणाला वाटलं नाही म्हाताऱ्याला विचारावं, आणि विचारलं कुणी अखेर? हिनं!

म्हटलं, "नाही गं बाई. कुठं जायचं ते मला ठाऊकच नाही आता."

तर म्हणते, "ठीक आहे. मी हे लक्षात ठेवते."

…ठेव, बाई. ठेव. साहेब विचारतील तुला.